सरांचा आवाज गेला त्या वर्षीचं फोर्ट्रान

बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आम्हाला फोर्ट्रान होतं. गणिताचाच एक पेपर. लांबलचक आकडेमोड कॉम्प्युटरकडून करून घ्यायची तर त्याला सूचना कोणत्या भाषेत आणि कोणत्या क्रमानं द्यायच्या, ते शिकायचं. नव्वदच्या दशकातली गोष्ट आहे. नगरच्या आमच्या कॉलेजात कॉम्प्युटर नुकतेच आले होते. ते ठेवले होते ती खोली थंडगार असायची, दाराला जाड पडदा होता आणि चपला बाहेर काढून आत जावं लागे. पहिल्यांदा आत गेले तेव्हा नकळत माझे हात जोडले गेले होते. कुणी पाहिलं नाही म्हणून बरं.

मी श्रीगोंदा तालुक्यातल्या एका खेड्यातली. दादा, म्हणजे माझे वडील, साखर कारखान्यात बॉयलरवर कामाला होते आणि आई मजुरीनं शेतात जायची. आमची बौद्ध वस्ती गावाच्या कडेला, ओढ्यापलीकडं. वस्तीत एक छोटं विहार होतं. पौर्णिमेला तिथं वंदना व्हायची आणि पुढं बसून ती मोठ्यानं म्हणायचं काम लहानपणापासून माझ्याकडं होतं. माझा आवाज खणखणीत होता. आई सांगायची, ओढा ओलांडून गावात ऐकू येतो म्हणून.

हे मुद्दाम सांगते, कारण कॉलेजात गेल्यावर मी बोलणंच बंद केलं. पहिल्या वर्षी फिजिक्सच्या प्रॅक्टिकलला मॅडमनी विचारलं, रीडिंग घेतलंस का. मी म्हणाले, "न्हाई मॅडम, काटा लई हालतोय." बाकी कुणाला काही वाटलं नसेल, पण शेजारच्या टेबलावर हशा पिकला. पुढं कितीतरी दिवस मी व्हरांड्यातून निघाले की मागून कुणीतरी हळूच 'काटा लई हालतोय' म्हणायचं. दुष्टपणा नव्हता त्यात, आता कळतं. तेव्हा मात्र मी ठरवून टाकलं की लिहायचं, बोलायचं नाही. हजेरीला नुसता हात वर करायचे. वसतिगृहात आम्ही सगळ्या खेड्यापाड्यातल्या, तिथं माझं तोंड सुटायचं. कॉलेजच्या फाटकातून आत शिरलं की मिटायचं.

फोर्ट्रान शिकवायला जे सर होते ते पन्नाशीचे, उंच, किडकिडीत. त्यांचा आवाज कॉलेजात प्रसिद्ध होता. ते शिकवायला लागले की सायकल स्टँडवर बसलेल्या माणसालाही गणित ऐकू जायचं, असं सगळे म्हणत. कॉलेजात कॉम्प्युटर यावेत म्हणून ते कित्येक वर्षं भांडले होते. सुट्टीत पुण्याला जाऊन, स्वतः विद्यार्थ्यांमध्ये बसून ही भाषा शिकून आले होते. दुसरं कुणी ती शिकवू शकेल असं कॉलेजात नव्हतं.

त्या वर्षी दिवाळीच्या आधीपासून त्यांचा घसा बसलेला होता. आम्हाला वाटलं, थंडी. दिवाळीच्या सुट्टीनंतर वर्ग भरला तेव्हा सरांबरोबर आमचे विभागप्रमुख आत आले. त्यांनी सांगितलं की सरांच्या स्वरयंत्रावर गाठ होती, पुण्याला ऑपरेशन झालं, गाठ साधी निघाली, काळजी नाही. पण डॉक्टरांनी एक शब्दही बोलायला मनाई केली आहे. कुजबुजायचंसुद्धा नाही, निदान संक्रांत होईपर्यंत. सरांनी रजा घ्यावी असं कॉलेजचं म्हणणं होतं. सरांनी घेतली नाही, कारण मग आमचा पेपर बुडाला असता. विभागप्रमुख निघून गेले. सर आमच्याकडं बघून हसले, आणि त्यांनी पिशवीतून लहान मुलांची असते तशी दगडी पाटी काढून टेबलावर ठेवली.

मग ते फळ्याकडं वळले आणि लिहू लागले. वर्गात हळूहळू कुजबुज वाढली. ज्या आवाजाला सगळे दबून होते तो आवाजच नव्हता, त्यामुळं मागच्या बाकांवर गप्पांना ऊत आला. सरांनी लिहून झाल्यावर वळून पाहिलं. डस्टर टेबलावर आपटला. गप्पा थांबल्या आणि ते पाठमोरे होताच पुन्हा सुरू झाल्या. तेव्हा त्यांनी फळ्याच्या कोपऱ्यात लिहिलं : 'हे कुणीतरी मोठ्याने वाचून समजावून सांगा.'

कुणी उठलं नाही. सरांनी वर्गावरून नजर फिरवली आणि खडू धरलेल्या हातानं माझ्याकडं बोट केलं.

मी उभी राहिले. फळ्यावर काय लिहिलंय ते मला समजलं होतं, अडचण ती नव्हती. आतापर्यंत आम्ही लिहिलेले प्रोग्राम पायऱ्या उतरल्यासारखे वरून खाली सरळ उतरायचे. पहिली ओळ, मग दुसरी, मग तिसरी. या प्रोग्राममध्ये पहिल्यांदाच वाटेत फाटा आला होता. विद्यार्थ्याचे गुण घ्यायचे. ते चाळिसापेक्षा जास्त असतील तर 'पास' छापायचं, नाहीतर 'नापास'. इफ, देन, एल्स, एंड इफ. घरी आईला सांगायचं असतं तर मी एका दमात सांगितलं असतं. पण तिथं सगळे माझ्याकडं बघत होते आणि शुद्ध भाषेतलं एकही वाक्य मनात पुरतं जुळत नव्हतं.

सर वाट बघत राहिले. मग ते माझ्या बाकापाशी आले, पाटीवर काहीतरी लिहून त्यांनी ती फक्त मला दिसेल अशी धरली. लिहिलं होतं : 'घरी बोलतेस तसं बोल.'

मी डोळे फळ्यावर ठेवले आणि म्हणाले, "गुन चाळिसाच्या वर आसतील तर इफच्या खालची ओळ करायची. पास लिव्हायचं. आन मग एल्सकडं बघायचंबी न्हाई, थेट एंड इफच्या खाली जायचं. वर नसतील तर ती ओळ सोडायची आन एल्सच्या खालची करायची. दोनातलं एकच. दोनी कधीच न्हाई."

मागून हसू आलं. मला ते अपेक्षितच होतं, तरी कानशिलं तापली. पण त्या हसण्यातूनच एक प्रश्न आला. शहरातल्या सावेडीला राहणारा एक मुलगा होता, दिसायला चुणचुणीत, लुनावरून यायचा, हसणाऱ्यांमध्ये नेहमी पुढं असायचा. त्यानं विचारलं, "आणि बरोबर चाळीस पडले तर?"

प्रश्न थट्टेनं विचारला होता की मनापासून, ते मला कळलं नाही. आदल्या वर्षी एका विषयात तो अगदी काठावर पास झाला होता, हे सगळ्या वर्गाला माहीत होतं. मी पुन्हा फळ्याकडं पाहिलं. तिथं 'पेक्षा जास्त' असंच लिहिलेलं होतं. चाळीस हे चाळिसापेक्षा जास्त नाहीत.

"मग नापास," मी म्हणाले. "कॉम्प्युटर काय आपली दया करनार न्हाई. जे लिव्हलंय तेच करनार."

आता वर्ग हसला तो त्याला. तोही हसला. सरांच्या चेहऱ्यावर मात्र असा आनंद पसरला की मी अजून विसरले नाही. ते लगबगीनं फळ्यापाशी गेले, अटीतलं एकच अक्षर पुसून त्यांनी दुसरं लिहिलं. 'पेक्षा जास्त'चं 'जास्त किंवा तेवढंच' झालं. मग त्या मुलाकडं वळून त्यांनी हातानं 'तू पास' अशी खूण केली. तास संपेपर्यंत पुन्हा कुणी गप्पा मारल्या नाहीत.

त्यानंतर ते ठरूनच गेलं. सर फळ्यावर लिहायचे, मी शेजारी उभी राहून बोलायचे. आदल्या दिवशी दुपारी मी स्टाफरूममध्ये जायचे आणि सर मला पुढचा भाग समजावून द्यायचे. पहिल्याच दिवशी मी त्यांना विचारलं की एवढ्या वर्गातून माझ्यावरच बोट का. त्यांनी पाटीवर लिहिलं, 'तुझ्या पेपरात प्रत्येक पायरीला कारण लिहिलेलं असतं. बाकीचे नुसतं उत्तर लिहितात.' पुसून आणखी लिहिलं, 'ज्याला कारण सांगता येतं त्याला बोलता येतं.' मला ते फारसं पटलं नव्हतं, पण बरं वाटलं.

पाटी लहान होती आणि पुसून पुसून लिहायचा सरांना कंटाळा यायचा. म्हणून मी हळूहळू असे प्रश्न विचारायला शिकले की ज्यांना मान हलवून उत्तर देता येईल. हे असंय का? मान उभी. मग त्याचा अर्थ असा का? मान आडवी. मग ती अट आधी तपासायची का? उभी. असं करत करत मी स्वतःच उत्तरापर्यंत पोहोचायचे आणि सर नुसते चहा पीत बसलेले असायचे. डॉक्टरांनी त्यांना चहासुद्धा कोमट करूनच प्यायला सांगितला होता. त्याची त्यांना भारी चीड होती. गार झालेल्या कपाकडं ते ज्या नजरेनं बघायचे, ते पाहून मला हसू आवरत नसे.

फाट्यानंतर आले फेरे. तेच काम पुन्हा पुन्हा करायचं असेल तर तीच ओळ पुन्हा पुन्हा लिहायची नाही. 'डू' म्हणायचं, कुठपर्यंत ते सांगायचं आणि शेवटी 'कंटिन्यू' लिहायचं. कॉम्प्युटर तिथपर्यंत येतो, परत वर जातो, पुन्हा खाली येतो. पुस्तकात उदाहरण होतं आकड्यांची बेरीज करायचं. ते वर्गाला सांगताना मला कारखान्याचं आवार आठवलं. गळिताच्या हंगामात दादांचा डबा घेऊन मी जायचे तेव्हा उसाच्या बैलगाड्यांची रांग लागलेली असायची. गाडी काट्यावर यायची, वजन व्हायचं, ते आधीच्या वजनात मिळवलं जायचं, गाडी पुढं, दुसरी गाडी काट्यावर.

"समद्या गाड्यांना काम एकच," मी सांगितलं. "म्हनून काम एकदाच लिव्हायचं आन गाड्या येऊ द्यायच्या. रांग संपली की खाली उतरायचं."

श्रीगोंद्याकडची, राहुरीकडची, नेवाशाकडची जी मुलं वर्गात होती त्यांनी लगेच माना डोलावल्या. नगर शहरातल्या मुलांनी काटा कसा असतो ते विचारलं, तेव्हा इतरांनीच त्यांना सांगितलं. वर्गात खेड्याकडचे एवढे जण बोलताना मी पहिल्यांदाच ऐकत होते. तोवर मला वाटायचं की इथं एकटी मीच गप्प बसते. खेड्यातून आलेली बरीच मुलं तशीच बसलेली होती.

त्याच आठवड्यात प्रॅक्टिकलला माझी स्वतःची बेरीज चुकली. सगळ्या गाड्यांची म्हणून मी काढलेली बेरीज शेवटच्या एका गाडीएवढीच यायची. बराच वेळ काही उमजेना. सर मागं येऊन उभे राहिले, बोट लावून दाखवतील असं वाटलं, पण त्यांनी खिशात हात घातले. मग मी प्रत्येक ओळ बोटानं चालून बघितली आणि सापडलं. बेरीज शून्यापासून सुरू करायची ती ओळ मी फेऱ्याच्या आत लिहिली होती. दर गाडीला मी पाटी कोरी करत होते. ती ओळ उचलून फेऱ्याच्या वर ठेवली आणि उत्तर आलं. सावेडीचा तो मुलगा शेजारच्या मशीनवर होता. त्यानं वाकून बघितलं, काही न बोलता आपल्या मशीनवरची तशीच ओळ वर नेली. नंतर म्हणाला, "माझंपण तेच झालं होतं." त्या दिवसापासून तो मला शंका विचारू लागला.

खरी पंचाईत पुढच्या प्रॅक्टिकलला झाली. शून्यापासून एकपर्यंत, दर वेळी एक दशांशानं पुढं जात, एका सूत्राची उत्तरं छापायची होती. मी आणि तो मुलगा एका मशीनवर होतो. आम्ही लिहिलं : किंमत बरोबर एक झाली की थांब, नाहीतर एक दशांश मिळव आणि परत वर जा. सरळ दिसत होतं. चालवलं. पडद्यावर आकडे आले, आठ दशांश, नऊ दशांश, एक, आणि थांबायचं सोडून ते पुढं पळाले. दोन, दहा, शंभर. आकडे इतक्या वेगानं वर सरकायला लागले की वाचताही येईनात. त्या मुलानं घाबरून की-बोर्डवरचे हात उचलून धरले. मला वाटलं, मशीन बिघडलं, आता आपल्याला हाकलणार. सर शांतपणे आले, दोन बटणं एकदम दाबली आणि सगळं थांबलं.

पुन्हा चालवून, मध्येच थांबवून आम्ही बघितलं. पडद्यावर एक होता. एक, दशांश चिन्ह, त्यापुढं नुसती शून्यं. तरी अट म्हणत होती की हा एक नाही.

त्या दुपारी स्टाफरूममध्ये मी सरांना भंडावून सोडलं. आमची अट चुकली का? मान आडवी, मग जरा उभी. पडद्यावर दिसतोय तो एक खरा एक नाही का? उभी. मग कमी आहे का? आडवी. किंचित जास्त आहे? उभी. मिळवताना चूक होते का? सरांनी हात हलवून 'थोडी अलीकडं ये' अशी खूण केली. मिळवायच्या आधीच चूक आहे? एक दशांशातच? मान जोरात उभी हलली. तेव्हा त्यांनी पाटी ओढून माझ्यापुढं केली आणि खूण केली की एक भागिले तीन कर. मी भागाकार करू लागले. तीन, तीन, तीन. पाटीची कड आली. मी वर पाहिलं तर सर हसत होते. आणि मग ते एकदम माझ्या डोक्यात उतरलं. आपल्याला जसं एक तृतीयांश दशांशात पुरतं लिहिता येत नाही, तसं कॉम्प्युटरला त्याच्या आकड्यांत एक दशांश पुरता लिहिता येत नाही. तो जवळचा काहीतरी धरतो आणि तेवढ्यावर भागवतो. तसे दहा जवळचे मिळवले की एकाच्या जवळ येतं, पण एक होत नाही.

मी वसतिगृहावर जाताना वाटेत एकटीच हसत होते. दिल्ली दरवाज्याजवळ एक ओळखीची बाई भेटली, तिनं विचारलं, काय झालं ग? मी म्हणाले, काही नाही, गणित सुटलं.

दुसऱ्या दिवशी हेच वर्गाला सांगायचं होतं आणि त्याच दिवशी प्राचार्य वर्गावर आले. कुणीतरी तक्रार केली होती. शिक्षक बोलत नाहीत, एक विद्यार्थिनी शिकवते, तीही अशुद्ध बोलते, परीक्षेचं काय होणार, असं काहीसं. तक्रार कुणी केली ते मला कधी कळलं नाही. प्राचार्य इतिहासाचे होते, वयस्क, धोतर-कोटातले, स्वभावानं कडक. आत आले, शेवटच्या बाकावर जाऊन बसले आणि सरांना म्हणाले, "चालू द्या. मी नुसता ऐकतो."

सरांनी मला खडू दिला. मी सुरुवात केली, "आता आपण असे पाहणार आहोत की..." आणि तिथंच थांबले. पुन्हा सुरू केलं, "दशांश अपूर्णांकाच्या बाबतीत असे होते की..." पुढचा शब्दच सापडेना. वंदना म्हणताना जो आवाज ओढा ओलांडायचा, त्याची वर्गात नुसती पुटपुट झाली होती. सर पाटीकडं हात नेणार एवढ्यात सावेडीचा मुलगा जागेवरून उभा राहिला. प्राचार्यांकडं न बघता तो मला म्हणाला, "रोज सांगतेस तसं सांग. आम्हाला तसंच समजतं."

पुढच्या बाकावरची एक मुलगी हळूच म्हणाली, "हो, तसंच."

मी श्वास घेतला. "काल आमचं मशीन थांबलंच न्हाई," मी म्हणाले. "आमी त्याला सांगितलं हुतं, बरोबर एक झालं की थांब. त्ये एकापशी आलं, एक दाखवला, आन तसंच म्होरं गेलं. का गेलं, त्ये सांगते." आणि मग सांगत गेले. सांगता सांगता भागाकारापर्यंत आले आणि मला काय सुचलं कोण जाणे, मी म्हणाले, "प्राचार्य सर, तुमी येता का फळ्यावर?"

प्राचार्य उठून फळ्यापाशी आले. मी त्यांच्या हातात खडू दिला आणि एक भागिले तीन करायला सांगितलं. त्यांनी कोटाची बाही सावरून भागाकार मांडला. तीन, तीन, तीन, तीन. अक्षर मोत्यासारखं होतं. फळ्याची कड आली तरी लिहितच होते. वर्गात खसखस पिकली. ते थांबले, मागं सरून आपल्या तिनांच्या रांगेकडं बघितलं आणि मला विचारलं, "आणि हे संपायचं कुठे?"

"संपत न्हाई सर. आपल्याला पुरतंय तिथं आपनच थांबायचं."

"म्हणजे मशीनला 'बरोबर एक' असं सांगायचं नाही."

"न्हाई. एकाच्या पुरेसं जवळ आलं की थांब, आसं सांगायचं. आन किती जवळ, त्येबी आपनच ठरवून द्यायचं."

प्राचार्यांनी खडू ठेवला, हात झटकले. सरांना म्हणाले, "मला चाळीस वर्षांपूर्वी गणित सोडावं लागलं होतं. आज थोडं परत मिळालं." मग माझ्याकडं वळून, "तास नीट चालू आहे. असाच चालू दे," एवढं म्हणून गेले. दार बंद झाल्यावर मी बाकावर जाऊन बसले. सर फळ्यावर नवी अट लिहायला लागले होते, जणू काही झालंच नव्हतं.

त्या रविवारी मी एसटीनं घरी गेले. दादा पाळीवरून आले तेव्हा त्यांना सगळं सांगितलं. फोर्ट्रान म्हणजे काय हे त्यांनी विचारलं नाही. प्राचार्यांना मी फळ्यावर बोलावलं हे मात्र त्यांनी मला पुन्हा पुन्हा सांगायला लावलं, आणि आई चुलीपाशी बसून ऐकत होती तिलाही, तिनं ऐकलेलं असताना, त्यांनी स्वतः परत सांगितलं.

संक्रांतीनंतर सर पुण्याला दाखवून आले. मी नेहमीप्रमाणे दुपारी स्टाफरूममध्ये गेले. ते खिडकीपाशी उभे होते. वळले आणि म्हणाले, "चहा घेतेस? आज गरम आहे."

मी गोंधळून इकडंतिकडं बघितलं. तो त्यांचा आवाज नव्हताच. खरखरीत, दबलेला, मध्येच तुटणारा. डॉक्टरांनी सांगितलं होतं की याहून फार सुधारेल असं नाही. सर ते सांगताना दुःखी दिसले नाहीत, निदान मला दाखवलं तरी नाही. आम्ही दोघांनी चहा घेतला. पुढच्या तासाला ते स्वतः बोलले. वर्ग इतका शांत होता की बाहेरच्या रस्त्यावरचे टांगेवाले ऐकू यावेत. त्यांचं वाक्य तुटायचं, तिथं ते माझ्याकडं बघायचे आणि मी ते पुरं करायचे. असं आम्ही वार्षिक परीक्षेपर्यंत चालवलं.

पेपर चांगला गेला. प्रॅक्टिकलला बाहेरगावचे परीक्षक होते, त्यांनी तोंडी परीक्षेत मला खूप प्रश्न विचारले आणि मी माझ्याच भाषेत सगळ्यांची उत्तरं दिली. आमच्या वर्गात त्या पेपरात कुणी नापास झालं नाही. सावेडीचा मुलगा पुढं सुप्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात लागला. मी एम.एस्सी.ला पुण्याला जायचं ठरवलं. सरांनीच प्रवेशाचं बघितलं.

निकाल लागायच्या आधी, उन्हाळ्यात, सरांनी मला विचारलं की वसतिगृहातल्या ज्या मुली पुढच्या वर्षी हा पेपर घेणार आहेत त्यांना थोडं आधीच शिकवशील का. कॉम्प्युटर मिळणार नव्हता. वसतिगृहाच्या जेवणघरात एक जुना फळा होता, तो भिंतीला टेकवला. पंखा नव्हता. दुपारची जेवणं उरकली की आम्ही ताटं बाजूला सारून बसायचो. त्यांतली एक मुलगी पाथर्डीकडची होती. तिचे आईवडील ऊसतोडीला जायचे, शाळेची निम्मी वर्षं तिनं फडाच्या कडेला अभ्यास करून काढली होती. ती सगळ्यात मागं, भिंतीला पाठ लावून बसायची, कधी बोलायची नाही. मीही तिला उगाच बोलतं करायला गेले नाही.

एक दिवस मी एकात एक दोन फेरे शिकवत होते. बाहेरचा फेरा एकदा फिरतो तोवर आतला पुरा फिरून होतो, पाढ्यांचं कोष्टक छापायला लागतं तसं. मी भराभर लिहून मोकळी झाले आणि 'समजलं का' म्हणून वळले. सगळ्यांनी माना हलवल्या. मागून आवाज आला, "ताई, त्ये चुकलंय."

मी फळ्याकडं बघितलं. मला काही दिसेना.

"आतला फेरा बाहेरच्याच्या आधी बंद कराया पायजे ना," ती म्हणाली. "तुमी उलटं बंद केलंय. आता कुनाच्या पोटात कोन, त्येच कळत न्हाई."

खरंच चुकलं होतं. बाकीच्या मुली हसल्या, मीही हसले. ती मात्र हसली नाही. ती ताटांमधून वाट काढत पुढं येत होती, फळा नीट करायला.